सर्वानुमते मंजूर

मी मेंबर झालो तो वाचनामुळे. हे सांगताना आजही तोंड कडू होतं, पण खरं ते खरं.

जळगावात मेहरूणच्या रस्त्याला माझं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं आणि गिऱ्हाईक नसलं की खुर्ची दारात ओढून वाचत बसायचं. प्रवासवर्णनं, चरित्रं, शिकारीच्या गोष्टी, गेल्या पाच वर्षांचे दिवाळी अंक, काही म्हणजे काही सोडायचो नाही. किराणा बांधून आलेला कागदसुद्धा सरळ करून वाचायचो, त्यावरून बायको चिडवायची, "साखर डब्यात ओतू द्या आधी, मग वाचा." पण खरा जीव रहस्यकथांवर. नगरवाचनालयात नवी रहस्यकथा आली की माझा नंबर पहिला लागला पाहिजे, नाहीतर त्या दिवशी माझ्याशी कोणी बोलू नये.

आमच्या गल्लीत वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाया, हमाल, पिंजारी, पत्र्याचे डबे करणारे कारागीर. कोणाला नोटीस आली, कोणाच्या पोराचं सुरतेहून पत्र आलं, की चालले माझ्याकडे. मी हातातलं पुस्तक उपडं ठेवून वाचून द्यायचो, अर्ज लिहून द्यायचो. निवडणूक लागली तेव्हा सगळ्यांनी मिळून मलाच उभं केलं. "हा वाचतो. हा फसायचा नाही," असं म्हणत लोकांनी मतं दिली. मीही फुगलो. खोटं कशाला सांगू?

मेंबर झाल्यावर कळलं, नगरपालिकेत वाचणं हे काम नसतंच. सभा महिन्यातून एकदा. दोन दिवस आधी सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांचा गठ्ठा घरी यायचा, त्यात विषय, प्रत्येक विषयाची टिपणी आणि मागे परिशिष्टं. तो गठ्ठा बहुतेक मेंबरांच्या घरी लोणच्याच्या बरण्यांखाली जात असावा. सभेत अध्यक्ष विषयाचा नंबर पुकारायचे, कोणीतरी म्हणायचं, "टिपणी वाचली असे समजावे," दुसरा म्हणायचा, "मंजूर," आणि हात वर जायचे. हात कोणी मोजत नसे. एक मेंबर सुपारी कातरत बसायचे, एक बसल्या बसल्या झोपायचे आणि झोपेतही त्यांचा हात बरोबर वेळेला वर व्हायचा. पहिले चार-सहा महिने मी उठून वाद घातले, टिपणी वाचून दाखवली, आरडाओरडा केला. लोक हसायचे. मग माझाही उत्साह मावळला, आणि मी त्या लांब कागदांच्या आड पुस्तक धरून वाचायला लागलो. रटाळ सभेत तीन तास बसायचं तर माणसाने करायचं काय, असं मी स्वतःलाच समजवायचो.

ते दुष्काळाचं वर्ष. मेहरूणच्या तलावात चिखलाला भेगा पडल्या होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ होता, त्याला पहाटे तासभर पाणी यायचं. त्या एका तासावर साठेक घरं जगत होती.

चैत्रातली सभा. माझ्या मांडीवर रहस्यकथा होती आणि खुनी कोण ते कळायला अकरा पानं उरली होती. पुस्तक त्याच संध्याकाळी परत करायचं होतं, माझ्यामागे एक वकीलसाहेब नंबर लावून बसले होते. अध्यक्षांनी विषय पुकारला, कोणीतरी "वाचली असे समजावे" म्हणालं, आणि मी पानावरची नजर न हलवता हात वर केला. खुनी घरातलाच निघाला, एवढं मला आठवतं. विषय कोणता होता हे मला पाचव्या दिवशी कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकू आला म्हणून बाहेर आलो, तर नगरपालिकेचा फिटर आमचा नळ काढून पाइपाच्या तोंडावर लोखंडी टोपण आवळत होता. भोवती हंडे घेऊन बाया उभ्या. माझं डोकंच फिरलं. "कोणाच्या बापाला विचारून?" असं म्हणत मी त्याचा पान्हा हिसकावला. तो गरीब माणूस, म्हणाला, "साहेब, ठराव झालाय. ज्या नळांच्या तोट्या मोडल्यात, पाणी वाया जातं, ते बंद करायचे. पाच नळ आहेत. तुम्ही होता ना सभेला?"

गल्लीतली म्हातारी अक्का पुढे आली. तिने मला शेंबडा असल्यापासून पाहिलेलं. मुलगा सुरतेला मजुरीला, घरात ती आणि आठवा महिना लागलेली सून. निवडणुकीत माझ्यासाठी दारोदार हिंडलेली ती बाई. "भाऊ, तू तठेच व्हता ना? मंग हाऊ नळ कसा बंद कया रे?"

मी म्हटलं, "अक्का, पाहून येतो," आणि सायकल काढली. चार-पाच बाया माझ्या मागे चालत निघाल्या.

सभेचं कामकाज लिहिणारे कारकून म्हातारे होते, चार महिन्यांनी निवृत्त व्हायचे. अत्यंत सरळ माणूस. त्यांनी इतिवृत्ताची वही काढली, पान उघडलं आणि बोट ठेवलं. "सर्वानुमते मंजूर." मागच्या परिशिष्टात पाच नळांची यादी, तिसरा आमचा.

"माझा हात होता?" मी विचारलं.

त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "होता साहेब. दुसऱ्या हातात पुस्तक होतं."

ते टोमणा मारत नव्हते, विचारलं म्हणून सांगितलं. पण मला ते असं झोंबलं की कानशिलं तापली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी अक्षरशः केलं होतं. बाहेर आलो तर व्हरांड्यात बाया उभ्या होत्या, आणि अक्का तोवर चालत येऊन पोचली होती. त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी विरोध केला होता. कारकुनाने चुकीचं लिहिलंय."

हे मी ठरवून बोललो नाही. पण बोललो. वड्याचं तेल वांग्यावर काढलं, तेही अशा माणसावर की ज्याने उलटून ब्रही काढला नसता. अक्काच्या चेहऱ्यावर जो विश्वास परत आला तो पाहून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

घरी बायकोने विचारलं, "खरंच विरोध केला होता तुम्ही?"

"हो म्हटलं ना!" मी ओरडलो.

आमच्या घरात खाजगी नळ होता, अर्धा तास बारीक धार यायची. दुसऱ्या दिवसापासून तिने मागचं दार उघडं टाकलं आणि गल्लीतल्या बायांना आळीपाळीने पाणी भरू दिलं. साठ घरांना त्या धारेचं काय होणार? तिसऱ्या दिवशी हंड्यांवरून मारामारी झाली. मग बाया तलावापलीकडच्या शेतातल्या जुन्या बारवेवर जायला लागल्या. जायला-यायला दीड कोस, आणि पाणी पार तळाला, चाळीस-एक पायऱ्या उतरून. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ.

मी नगरपालिकेच्या इंजिनियरचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ते म्हणाले, "ठराव आहे, तो फिरवल्याचं लेखी आणा." नियम मला पाठ होते. एकदा झालेला ठराव तीन महिने फिरवता येत नाही. फिरवायचाच तर निम्म्याहून जास्त सभासदांच्या सह्यांचा अर्ज लागतो, मग अध्यक्ष खास सभा बोलावतात. आमच्या सभागृहाच्या हिशेबाने सोळा सह्या. मी अर्ज लिहिला. "सर्वानुमते मंजूर झालेल्या ठरावाचा फेरविचार व्हावा" अशी सुरुवात. नियमात जसं लिहितात तसं लिहिलं, हात आपोआप चालला.

पाच दिवस सायकलवरून गावभर हिंडलो. वैशाखाच्या तोंडाचं जळगावचं ऊन. दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नव्हतं. मेंबरांच्या ओट्यांवर बसलो, चहा प्यायलो, नको त्या माणसांना "दादा, बाबा" केलं. पंधरा सह्या झाल्या. त्या पंधरांतल्या एकानेही अर्ज वाचला नाही. "तुम्ही लिहिलंय ना, मग झालं," म्हणाले. बाकीचे सगळे एका जुन्या मेंबराच्या तोंडाकडे पाहणारे. धान्याचे मोठे व्यापारी, मारवाडी, तीन वेळा निवडून आलेले. त्यांची सही झाली की दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. आणि ते पुतण्याच्या लग्नासाठी धुळ्याला गेलेले, आठ दिवस परतणार नव्हते.

मी एसटी पकडली. एरंडोलला गाडी बंद पडली, तासभर खोळंबलो. लोक लिंबाच्या सावलीला बसले, मी फेऱ्या मारत होतो. पिशवीत पुस्तक होतं. काढलं नाही. आदल्या संध्याकाळी अक्काला ताप भरला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून सून बारवेवर जाणार असं बायकोने सांगितलं होतं. "तिला आपल्याकडून दोन हंडे राखून ठेव," असं मी बायकोला बजावून आलो होतो. पण ती सून भारी मानी, रांग मोडून पाणी घ्यायची नाही. मला ते माहीत होतं.

धुळ्याला लग्नघरी पोचलो तेव्हा पंगत उठत होती. शेठजींनी हात धरून बसवलं, आमरस वाढायला लावला. मी वाटी बाजूला सारली. मी अर्ज पुढे केला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. सोळा माणसांत तो कागद वाचणारा हा पहिला माणूस, आणि मी टिपणी वाचून दाखवायचो तेव्हा सभेत मला हसणाऱ्यांत हेच पुढे असायचे.

"भाऊ, यात लिहिलंय ठराव सर्वानुमते झाला. पण माझ्या मुनीमाने सांगितलं, गल्लीत तुम्ही म्हणता तुमचा विरोध होता. खरं काय आहे?"

ते रागात नव्हते. खरंच विचारत होते. मंडपात आम्ही दोघंच, बाकी सगळे पडले होते दुपारचे. एवढंच म्हणायचं होतं, "शेठजी, मी पुस्तक वाचत होतो. चूक झाली. सही करा." ते हसले असते, फार तर वर्षभर चिडवलं असतं, आणि सही केली असती. माणूस तसा दिलदार होता. मला त्याच क्षणी हे कळत होतं, नंतर नाही.

"माझा विरोध होता," मी म्हटलं.

"मग दोन्ही खरं कसं?" त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. "ज्या कागदात खोट आहे त्यावर मी सही करत नाही. धंद्यातही नाही. आधी पुढच्या सभेत नोंद सुधारून घ्या. मी स्वतः उभा राहतो तुमच्यासाठी. मग नवा अर्ज लिहा, पहिली सही माझी."

"शेठजी, सभेला अजून वीस दिवस आहेत. बाया बारवेवर जातात."

"मग आत्ता सांगा की विरोध नव्हता," ते शांतपणे म्हणाले. "लगेच सही करतो."

मी अर्जाची घडी करून तो पिशवीत ठेवला. आतून बायकांची गाणी सुरू झाली, कोणीतरी शेठजींना हाक मारली आणि ते उठले. उठताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जेवून जा हं." मी परतीच्या एसटीत बसलो. सबंध रस्ता स्वतःला शिव्या देत होतो, आणि तरीही पारोळ्याला उतरून उलट्या गाडीने परत जावं आणि खरं सांगावं, एवढं धैर्य माझ्यात आलं नाही. गाडी पारोळ्याला दहा मिनिटं थांबली होती.

नळ बंद झाल्याच्या नवव्या दिवशी सून बारवेत घसरली. भरलेला हंडा डोक्यावर, खालून सातवी-आठवी पायरी. दोन बायांनी उचलून वर आणली, आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याने बैलगाडी जुंपली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा अक्का दाराशी जमिनीवर बसली होती, अंगात ताप तसाच. सून वाचली. बाळ मेलेलं निघालं. मुलगा होता.

अक्का मला पाहून उठायला लागली. मी म्हटलं, "बस अक्का, बस." तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू तरी काय करशी रे भाऊ. बठ्ठा एकीकडे, तू एकला."

मला त्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. सांगावं, आत्ता इथेच सांगावं, असं वाटलं. पण आता सांगून कोणाचं भलं होणार, असा एक विचार तेवढ्यात आला, आणि मी त्याला घट्ट धरलं. असले विचार भित्र्याला बरोबर वेळेवर सुचतात.

सभा झाली. मागचं इतिवृत्त कायम करायचा विषय आला आणि शेठजी दिल्या शब्दाप्रमाणे उभे राहिले. "आमच्या मित्राचा विरोध नोंदवायचा राहिला आहे." अध्यक्षांनी कारकुनांकडे पाहिलं. सभागृहात मी पहिल्यांदाच सगळ्यांना जागं पाहिलं. कारकून उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

"माझ्याकडून राहिलं असेल साहेब," ते म्हणाले. "वय झालं."

"सर्वानुमते" या शब्दावर रेघ मारून वर "बहुमताने" लिहिलं गेलं, आणि खाली माझं नाव, विरोधात. अध्यक्षांनी शेजारी सही केली. कारकुनांच्या सेवापुस्तकात हलगर्जीबद्दल शेरा आला, चाळीस वर्षांत पहिला. संध्याकाळी मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. काय बोलणार होतो मलाच माहीत नव्हतं. त्यांनी दुरुस्त नोंदीची शिक्का मारलेली नक्कल माझ्या हातात दिली. "असू द्या जवळ. तुम्हाला लागेल," एवढंच म्हणाले आणि वही कपाटात ठेवायला वळले.

नवा अर्ज लिहिला. शेठजींची पहिली सही, मग आणखी अठरा. खास सभा झाली, आणि आठ दिवसांत त्याच फिटरने ते टोपण काढून नवी तोटी बसवली. गल्लीने मला हार घातला. मी नको नको म्हणत होतो, त्यांना तो माझा विनय वाटला.

अक्का त्या गर्दीत नव्हती. ती दाराशी माझी वाट पाहत उभी होती. "घर चल," म्हणाली. मी मागोमाग गेलो. आत अंधारात सून भिंतीला टेकून बसली होती. दवाखान्यातून आल्यापासून ती कोणाशी बोलत नव्हती, जेवण पुढे ठेवलं तर खायची, नाहीतर नाही. पाळण्यासाठी आणलेली दोरी कोपऱ्यात तशीच होती.

"तो कागद शे ना तुन्हाजोडे?" अक्काने विचारलं. "हिले वाची दाखाड. हिले वाटस, आपलं कोन्हीच नही शे. हिले समजू दे, एक जन तरी आपलासाठे उभा व्हता."

नोंद सुधारल्याची बातमी गल्लीत कधीच पोचली होती, आणि कागद माझ्या खिशात होता. मी म्हटलं, "राहू दे अक्का, तिला कशाला त्रास?"

"वाच भाऊ," अक्का म्हणाली. "तू वाचस ते बठ्ठं खरं ऱ्हास."

सुनेने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत होती. मी घडी उलगडली. विषय क्रमांक वाचला, टिपणी वाचली, परिशिष्टातले पाचही नळ वाचले. मग ठराव वाचला, बहुमताने मंजूर. मग माझं नाव वाचलं, विरोधात.

ती उठली. भिंतीचा आधार घेत, सावकाश. डोक्यावरून पदर घेतला, वाकली आणि माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.